डीव्हीडी ड्राइव्ह कुणाला हवा? ताडकळसचा हिशेब

पुण्यातल्या कुठल्याही दुकानात आज लॅपटॉप घ्यायला गेलं तर त्याला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, आणि तो का नाही हे कुणी विचारतही नाही. गावाकडून मात्र अजून विचारणा होते. परभणी जिल्ह्यात, पूर्णा तालुक्यातलं ताडकळस हे माझं गाव. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला कम्प्युटरमधलं सगळं कळतं असा तिथे समज आहे. त्यामुळे पोरं कॉलेजला निघाली की कुठला कम्प्युटर घ्यावा हे मला विचारलं जातं, आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "त्यात सीडी चालती का?"

शहरी माणसाला हा प्रश्न जुनाट वाटेल. मला तो वाटत नाही. ज्या घरात तो विचारला जातो त्या घरात टीव्हीच्या खालच्या कप्प्यात लग्नाच्या सीड्या असतात, कपाटात कुणाच्या तरी मेंदूच्या स्कॅनची सीडी असते, आणि त्या पुन्हा कधी बघायच्या झाल्या तर कशावर बघायच्या, ही खरी काळजी त्या प्रश्नामागे असते. उत्तर देण्याआधी ही तबकडी आपल्या घरात आली कशी, हे बघायला हवं.

नांगराची तासं

सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून बनवलेली कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ मध्ये बाजारात आली ती गाण्यांसाठी. १२० मिलिमीटर व्यास, १.२ मिलिमीटर जाडी. कम्प्युटरने तिला नंतर आपलंसं केलं. डीव्हीडीच्या वेळी दोन गट पडले होते. एका बाजूला सोनी-फिलिप्स, दुसऱ्या बाजूला तोशिबा आणि इतर. व्हिडिओ कॅसेटच्या वेळी झालेली व्हीएचएस-बीटामॅक्सची लढाई पुन्हा कुणालाच नको होती. कम्प्युटर कंपन्यांनी दबाव आणला आणि १९९५ च्या अखेरीस दोन्ही गट एका तबकडीवर राजी झाले. १९९६ मध्ये जपानमध्ये पहिले डीव्हीडी प्लेयर विकले गेले.

सीडी आणि डीव्हीडी हातात घेतल्या तर आकारात काडीचा फरक नाही. मग ७०० एमबीच्या जागी ४.७ जीबी कसे मावतात? शेतकऱ्याच्या घरात हे समजावणं सोपं आहे. तबकडीवर माहिती एका सलग नागमोडी रेषेत, आतून बाहेर अशी लिहिलेली असते. सीडीवर या रेषेच्या दोन वेढ्यांतलं अंतर १.६ मायक्रॉन असतं, डीव्हीडीवर ०.७४ मायक्रॉन. एकाच रानात तासं जवळजवळ धरली की ओळी जास्त बसतात, तसंच हे. पण जवळची तासं धरायला फाळही बारीक लागतो. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा, अवरक्त. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, लाल. पुढे ब्लू-रेने ४०५ नॅनोमीटरपर्यंत मजल मारली आणि एका थरात २५ जीबी बसवले. सीडीवरची रेषा सरळ केली तर सुमारे साडेपाच किलोमीटर भरते, डीव्हीडीची सुमारे बारा.

एसटीने येणारा डेटा

मराठवाड्यातल्या गावांत कम्प्युटर आधी घरात आला नाही, क्लासमध्ये आला. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी त्याचं प्रमाणपत्र लागू लागलं आणि तालुक्याच्या, बाजाराच्या गावांतून कम्प्युटर सेंटरं उभी राहिली. माऊस पहिल्यांदा हातात धरला तो तिथे, अशी माणसं आमच्या भागात हजारोंनी निघतील. घरात कम्प्युटर आला तो त्यानंतर, आणि आला तेव्हा त्याच्या पुढच्या बाजूला ड्राइव्हची फट होतीच.

ती नसती तर तो कम्प्युटर म्हणजे एक रिकामं खोकं होतं. विंडोज एक्सपी सीडीवर यायचं, व्हिस्टा आणि विंडोज ७ डीव्हीडीवर. कम्प्युटर अडला की कुणाला तरी बोलावून 'विंडोज मारून' घ्यायचं, आणि तो माणूस येताना खिशात सीडी घेऊन यायचा. प्रिंटर घेतला की ड्रायव्हरची सीडी, मदरबोर्डची वेगळी सीडी. श्रीलिपी, आकृती ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअरंही सीडीवरच. केंद्र सरकारच्या टीडीआयएल कार्यक्रमाने सीडॅकच्या मदतीने भारतीय भाषांच्या मोफत फॉन्ट आणि सॉफ्टवेअरच्या सीड्या काढल्या. सुरुवात २००५ मध्ये तमिळ आणि हिंदीपासून झाली, पुढे मराठीचीही आली. 'डिजिट'सारखी मासिकं अंकासोबत सीडी आणि पुढे डीव्हीडी द्यायची, आणि अनेकजण अंक त्या तबकडीसाठीच घ्यायचे. उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती २००४ पासून २०११ पर्यंत जगात कुठल्याही पत्त्यावर टपालाने फुकट सीडी पाठवत असे. पोस्टमन जिथे पोचतो तिथे ऑपरेटिंग सिस्टिम पोचत होती.

आता जरा गणित करू. २००४ च्या केंद्राच्या धोरणात ब्रॉडबँडची व्याख्या किमान २५६ केबीपीएस अशी होती. त्या वेगाने एक सीडी उतरवायला सलग सहा तास लागतात. एक पूर्ण डीव्हीडी उतरवायला ४० तासांहून जास्त, तेही वीज एकदाही न जाता. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज किती वेळ असायची हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. उलट परभणीहून ताडकळसला येणाऱ्या एसटीत एखाद्याने पिशवीत दहा डीव्हीड्या आणल्या आणि त्याला तासभर लागला असं धरलं, तर तो ४७ जीबी एका तासात आणतो. म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिटच्या वर. अँड्र्यू टॅनेनबॉमच्या नेटवर्किंगच्या पाठ्यपुस्तकात टेपांनी भरलेल्या गाडीबद्दल अशाच अर्थाचा एक शेरा आहे, तो इंजिनिअरिंगची पोरं विनोद म्हणून वाचतात. आमच्याकडे तो विनोद नव्हता. आमचं नेटवर्क एसटीने यायचं, आणि डीव्हीडी ड्राइव्ह हा त्या नेटवर्कचा स्टँड होता.

भारनियमनाने त्या ड्राइव्हचा एक बारकावाही आम्हाला शिकवला. वीज गेली की तबकडी आत अडकायची. मग ड्राइव्हच्या तोंडावरच्या बारीक भोकात पेपरक्लिप सरळ करून खुपसायची, की ट्रे पुढे सरकायचा. ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलेलं असतं. जिथे वीज जात नाही तिथल्या कित्येकांना ते कशासाठी आहे हे शेवटपर्यंत कळलं नसेल.

अठ्ठावीस रुपयांचा सिनेमा

घरातल्या बायामाणसांसाठी मात्र ही तबकडी सॉफ्टवेअरची नव्हती. ती कीर्तनाची, भीमगीतांची, सिनेमाची आणि लग्नाची होती. भारतात सिनेमा तबकडीवर पसरला तो व्हीसीडीमुळे. १९९३ मध्ये ठरलेलं हे तंत्र सीडीच्याच जागेत ७४ मिनिटांचं चित्र बसवायचं. आपले सिनेमे अडीच-तीन तासांचे, त्यामुळे एका सिनेमाला दोन-तीन व्हीसीड्या. ऐन भांडणाच्या प्रसंगात सीडी संपायची आणि कुणीतरी उठून दुसरी घालायचा.

व्हीसीडीत एक गंमत होती. सीडीवर माहिती साठवताना ओरखड्यांवर उपाय म्हणून जास्तीची आकडेमोड सोबत लिहून ठेवतात. आर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत. तिच्या जोरावर सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा सीडी सहज पचवते. डेटाच्या सीडीत यावर आणखी एक संरक्षक थर असतो, कारण प्रोग्रॅममधलं एक अक्षर चुकलं तरी सगळं फसतं. व्हीसीडीत तो थर काढून ती जागा चित्राला दिली. म्हणून घासलेली सॉफ्टवेअरची सीडी सरळ 'वाचता येत नाही' म्हणायची, आणि घासलेली व्हीसीडी नायकाच्या तोंडावर चौकोन चौकोन दाखवत पुढे जायची. "सीडी अटकायली" हे वाक्य आमच्याकडे घराघरात ऐकू यायचं.

या तबकड्यांच्या मागे एक भारतीय कंपनी उभी होती. मोझर बेअर १९८३ मध्ये दीपक पुरी यांनी सुरू केली ती कामगारांच्या हजेरीची वेळ नोंदवणारी यंत्रं बनवायला. १९८८ मध्ये ती फ्लॉपीत उतरली, १९९९ मध्ये कोऱ्या सीड्यांत, आणि काही वर्षांत जगातल्या सर्वांत मोठ्या तबकडी-उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. २००७ च्या सुरुवातीला तिने सिनेमांच्या तबकड्या काढल्या: व्हीसीडी २८ रुपयांना, डीव्हीडी ३४ रुपयांना. तोवर अधिकृत तबकडी शंभराच्या पुढे आणि चोरीची तबकडी तिच्या कितीतरी खाली, असा बाजार होता. चोरीच्या मालाशी भाव करून जिंकायचं, असं धोरण या कंपनीने घेतलं. माझ्या पिढीने पाहिलेले पुष्कळ जुने सिनेमे याच पातळ कागदी वेष्टनांतून आले. याच कंपनीला २०१८ मध्ये दिवाळखोरी कायद्याखाली अवसायनात काढण्याचा आदेश झाला. ३४ रुपयांच्या डीव्हीडीला चोर हरवू शकला नाही. तिला हरवलं ते वेगळ्याच गोष्टीने.

मेमरी कार्ड

जगाच्या इतिहासात ड्राइव्हच्या अंताची गोष्ट साधारण अशी सांगतात: जानेवारी २००८ मध्ये ॲपलने मॅकबुक एअर हा ड्राइव्ह नसलेला लॅपटॉप आणला, मग इंटरनेट वेगवान झालं, २०१५ मध्ये विंडोज १० पेन ड्राइव्हवर विकायला आलं, आणि तबकडी संपली. आमच्या भागात हा क्रम लागू पडत नाही. तिथे तबकडीचा धंदा इंटरनेट पोचण्याआधीच मोडला, आणि तो मोडला नखाएवढ्या मेमरी कार्डाने.

मोठ्या आवाजाचे, दोन सिमचे स्वस्त फोन आले आणि मोबाइलच्या दुकानांवर पाट्या लागल्या: 'गाणी भरून मिळतील'. शेतात पाणी द्यायला जाणारा माणूस सीडी प्लेयर घेऊन जाऊ शकत नव्हता, फोन नेऊ शकत होता. पण त्या दुकानदाराकडे गाणी कुठून आली? पुष्कळशी एमपीथ्रीच्या सीड्यांवरून. म्हणजे ड्राइव्ह संपला नव्हता. तो घराघरातून निघून एका दुकानात जाऊन बसला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मग ती पाटीही उतरली.

हा मधला टप्पा इतिहासात नोंदवायला हवा, कारण उत्तर त्यातच आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो.

परदेशातल्या मराठी घरांची कथा आणखी वेगळी. डीव्हीडीच्या जगाचे सहा विभाग केलेले होते: भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात. इथली विभाग-कुलूप असलेली डीव्हीडी तिथल्या प्लेयरवर चालायची नाही. घरगुती लग्नाच्या डीव्हीडीला कुलूप नसायचं, पण ती आपल्या पाल पद्धतीची, आणि तिथले टीव्ही एनटीएससीचे. कम्प्युटरला या दुसऱ्या भानगडीशी देणंघेणं नव्हतं. म्हणून भाचीचं लग्न बघायला न्यू जर्सीतल्या मावशीला टीव्हीपेक्षा कम्प्युटरचा ड्राइव्ह जास्त उपयोगी पडायचा. विभागाचं कुलूप मात्र तिथेही होतं, आणि ड्राइव्हचा विभाग पाच वेळाच बदलता यायचा.

जालन्याची व्हीसीडी

ही तबकडी केवळ आठवणींची नाही, पुराव्याचीही आहे. याचं देशभर गाजलेलं उदाहरण आमच्या मराठवाड्यातलंच आहे.

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेले उमेदवार कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. मुद्दा असा की २७ सप्टेंबर २०१४ रोजी खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरे लावलेले होते, आणि त्या चित्रीकरणाच्या व्हीसीड्या कोर्टात आल्या. पण अशा नकलेसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते देण्याची मागणी करूनही अधिकाऱ्यांकडून मिळालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला: इलेक्ट्रॉनिक नकलेला प्रमाणपत्र सक्तीचं आहे. मात्र या प्रकरणात ते मिळवण्याचे सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, म्हणून खोतकरांचं अपील फेटाळण्यात आलं.

आज देशातल्या कुठल्याही कोर्टात व्हॉट्सॲपचा मेसेज पुरावा म्हणून दाखल करताना ज्या निकालाचा आधार घेतात, तो जालन्याच्या व्हीसीड्यांवरून झाला आहे. जुन्या कलमात 'ऑप्टिकल किंवा मॅग्नेटिक माध्यम' असे शब्द होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये त्यांच्या जोडीला 'सेमीकंडक्टर मेमरी' आली. पेन ड्राइव्हला कायद्यात नाव मिळालं, पण तबकडीचं नाव काढलं नाही. जुन्या प्रकरणांच्या फायलींत लावलेल्या सीड्या वाचायला ड्राइव्ह लागणारच.

ऊन

आता त्या टीव्हीखालच्या कप्प्याकडे येऊ. इथे वेळ कमी आहे, आणि म्हणूनच हा लेख.

बाजारातून आणलेली सिनेमाची तबकडी आणि स्टुडिओतून आणलेली लग्नाची तबकडी या दिसायला सारख्या, पण जातीने वेगळ्या. सिनेमाची तबकडी साच्यात दाबलेली असते. तिच्यावरचे खड्डे प्लॅस्टिकमध्येच उमटलेले असतात. लग्नाची तबकडी 'राइट' केलेली असते. तिच्यात रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसर त्याच्यावर डाग पाडतो. रंगद्रव्य म्हटलं की ते उन्हाने आणि उष्णतेने उडणार. अमेरिकेतल्या एनआयएसटी या मानक संस्थेने २००३ मध्ये तबकड्या कशा जपाव्यात यावर एक पुस्तिका काढली. तिच्यात दीर्घकाळ साठवणीसाठी ४ ते २० अंश तापमान सांगितलं आहे. मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर जाणं ही बातमीसुद्धा नसते, आणि पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात त्याहून जास्त असतं.

यात एक क्रूर विनोद आहे. जो सिनेमा आज कुठेही बघायला मिळतो त्याची तबकडी टिकते. ज्याची जगात एकच प्रत आहे, ज्यात आजी चालते-बोलते, ज्यात मंडपात फिरणारी निम्मी माणसं आता नाहीत, ती तबकडी उडून जाते. आमच्या घरातल्या सीड्या मी गेल्या दोन दिवाळ्यांत एकेक करून वाचल्या. बहुतेक निघाल्या. काहींचा शेवटचा भाग गेला होता, कारण रेषा आतून बाहेर जाते आणि कडेला हात, धूळ, ओरखडा आधी लागतो. काही ड्राइव्हने ओळखल्याच नाहीत. लग्नात शेवटी काय असतं? पाठवणी. ज्या तबकड्यांचा शेवट गेला, त्यांतून पाठवणी गेली.

मग हवा का?

घरच्या कम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह हवा का? नवा कम्प्युटर घेणाऱ्या पोराला नको. त्याला लागणारं सॉफ्टवेअर नेटवर आहे, आणि त्या पैशात जास्त रॅम घ्यावी. ज्या घरात तबकड्या आहेत त्या घरालाही तो कायमचा नको. एकदा हवा, आणि लवकर हवा. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह कुठल्याही लॅपटॉपला चालतो. व्हीसीडी असेल तर तिच्यातली डीएटी फाइल, डीव्हीडी असेल तर व्हिडिओ टीएस हा अख्खा फोल्डर जसाच्या तसा उतरवून घ्यावा. दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. एका ड्राइव्हवर वाचली नाही तर दुसऱ्यावर बघावी, कारण दोन ड्राइव्हची नजर सारखी नसते. डीडीरेस्क्यूसारखं फुकट सॉफ्टवेअर खराब भाग ओलांडून चांगला भाग आधी काढून घेतं. पुसायची तर मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल नाही. आणि सीडीची चकचकीत बाजू जपताना छापील बाजू विसरू नये: सीडीत माहितीचा थर त्या छापील बाजूच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा कायमचा.

स्कॅन सेंटरं आता सीडीऐवजी मोबाइलवर लिंक पाठवू लागली आहेत. सोय आहे, पण लिंक किती वर्षं चालू राहील हे आपल्या हातात नसतं. जुन्या स्कॅनची सीडी फेकू नये. डॉक्टरला वाढ झाली की नाही हे बघायला जुनंच चित्र लागतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. पिठाची गिरणी कुणी घरोघरी ठेवत नाही, पण गावात गिरणी नसेल तर गाव अडतं. ड्राइव्हचं तसं झालं आहे. ताडकळससारख्या प्रत्येक गावात, वाचनालयात म्हणा, झेरॉक्सच्या दुकानात म्हणा, फोटो स्टुडिओत म्हणा, एक चालू ड्राइव्ह आणि तो चालवणारा एक माणूस अजून दहा वर्षं तरी हवा. 'गाणी भरून मिळतील' ही पाटी गावाने पाहिली आहे. आता 'जुन्या सीड्या उतरवून मिळतील' अशी पाटी लागली, तर दोन-चार उन्हाळ्यांत जे जाणार आहे त्यातलं पुष्कळ वाचेल.